दादाचा डबा

मेहरूण, जळगाव
गुरुवार, ७ ऑगस्ट २०२५

चि. पुनम,

कानबाईच्या नैवेद्याचे रोट उरलेत. चार अख्खे, आणि तू मोडून ताटात तसाच टाकून गेलीस तो अर्धा. पौर्णिमेच्या आत ते संपवायचे असतात, ती परवावर आली आणि घरात खाणारी तोंडं तीन. त्यातल्या सासूबाईंना दात नाहीत, आणि तुझ्या जेठांना, म्हणजे आमच्या यांना, रोट दुधात कुस्करून दिला तरी घशाखाली उतरत नाही. कानबाईचा रोट भाऊबंदांच्या बाहेर द्यायचा नसतो, नाहीतर शेजारच्या लताबाई कधीच्याच ताटली घेऊन आल्या असत्या. म्हणून मीच खाते आहे, सकाळ-संध्याकाळ, आणि प्रत्येक घासाला तुझी आठवण काढते. चांगलीच काढते असं नाही.

तू फोन उचलत नाहीस. भूषणभाऊंना लावला तर ते "कामावर आहे, वहिनी" म्हणून ठेवून देतात. रात्री दहालासुद्धा कामावरच असतात. म्हणून पत्र. सोळा वर्षं अंगणवाडीची रजिस्टरं भरली, पण कोऱ्या कागदावर लिहायला बसले तर हात अडखळतो.

आधी माफी मागून घेते. सोमवारी कानबाईचं विसर्जन करून आल्यावर मी तुझ्या भूमिकाला काट्यावर उभं केलं. अंगणवाडीची खोली गळते म्हणून पावसाळ्यात वजनकाटा मी घरी आणून ठेवते. ती खेळता खेळता त्यावर चढली आणि मी नुसतं वाकून पाहिलं, असं मी तुला सांगणार होते. ते खोटं आहे. मीच तिला म्हटलं, ये गं, उभी राहा इथं. एक्केचाळीस किलो. आठ वर्षांची पोर पंचवीस-सव्वीसची असावी.

तू नळावरची कळशी तशीच सोडून आलीस. "अक्का, मनी पोरले परत काटावर चढावं तू?" एवढंच म्हणालीस. अर्ध्या तासात तुम्ही तिघं एस.टी. स्टँडवर होतात. आपण वर्षातून एकदाच भेटतो, तेही कानबाईला, तेही रोट सगळ्या भाऊबंदांनी मिळून खायचे असतात म्हणून. यंदा तेवढंही झालं नाही.

आता जे बोलायचं होतं ते. रविवारी सासूबाई घरातल्या एकेका पुरुषाच्या नावानं सुपातून रोटाच्या गव्हाच्या मुठी काढत होत्या तेव्हा मी तुझ्याकडे पाहत होते. "हाई समाधाननी मूठ. हाई भूषणनी." दोन्ही लेकांच्या झाल्यावर त्या थांबल्या, दर वर्षी थांबतात तशा, आणि म्हणाल्या, "हाई हितूनी." तुझा हितू जाऊन या कार्तिकात दहा वर्षं होतील. आपले सासरे नाना गेले त्याच वर्षी त्यांची मूठ बंद झाली, रीतच तशी आहे. हितूची बंद करा असं म्हणायची छाती कोणाची झाली नाही. मूठ निघाली की तिचा रोट होतो, आणि रोट झाला की घरातल्याच कुणीतरी तो संपवावा लागतो. भूमिकाच्या नावाची मूठ नाही, कारण आपल्याकडे पोरींच्या नावाची काढत नाहीत. मग हितूचा रोट तू तिच्या ताटात ठेवतेस. तिला दात आले तेव्हापासून ठेवतेस.

यंदा तिने तो तूप लावून अख्खा संपवला. वर खीर, वर तिचं नेहमीचं जेवण. मग भिंतीला डोकं टेकून, डोळे मिटून, तोंडानं श्वास घेत बसली. तू तिच्या पाठीवरून हात फिरवलास आणि म्हणालीस, "खाल्लं माझ्या बाळानं." कुठल्या बाळाबद्दल बोलत होतीस ते मला कळलं नाही, पुनम. मला तुझी भीती वाटली.

तिच्या मानेवर काळा पट्टा आहे. तू मळ समजून घासतेस, तिथली कातडी सोलवटली आहे. तो मळ नाही. अंगात साखर नीट खर्च होईनाशी झाली की मान अशी काळी पडते, आम्हाला प्रशिक्षणात फोटो दाखवले होते. तिला डॉक्टरकडे ने. एवढंच सांगायचं होतं.

तुझी,
दिपमाला अक्का

---

मेहरूण
रविवार, २४ ऑगस्ट २०२५

चि. पुनम,

उत्तर नाही. बरं. मी सल्ला दिल्याशिवाय जेवत नाही हे तुला माहीत आहे, तेव्हा हेही वाच आणि चुलीत घाल.

तुमच्या कारखान्यात तळलेल्या नळ्यांच्या पुड्या भरतात आणि तुटका माल बायकांना घरी नेऊ देतात, हे भूषणभाऊंनी एकदा कौतुकानं सांगितलं होतं. फुकट मिळतं ते कुणाला नको असतं? मलाही नको नसतं. पण कानबाईला तू ती मोठी पारदर्शक पिशवी आणली होतीस, आणि भूमिका तिच्यात कोपरापर्यंत हात घालून बसली होती. मी म्हटलं, बस कर आता, तर तू माझ्याकडे असं पाहिलंस जणू मी तिच्या तोंडातला घास काढला.

मी तिला उपाशी ठेव म्हणत नाही. कधीच म्हणणार नाही, माझ्या तोंडून तर नाहीच. दादर ज्वारीची भाकर दे, डाळ दे, गंगाफळाची भाजी दे. डाळ वाफवून फुणके कर, तुझ्या हातचे फुणके सासूबाई अजून आठवतात, माझे खाऊन जास्तच आठवतात. केळी दे, आपल्या जिल्ह्यात केळ्याला काय तोटा? फक्त पोट भरलं की थांबू दे. शाळेतून आल्यावर पळू दे.

पूर्वी आम्ही गरिबाचं पोर म्हटलं की बरगड्या पाहायचो. आता आमच्या गल्लीत एकाच ओट्यावर दोन पोरं बसतात, एकाच्या बरगड्या दिसतात, दुसऱ्याला जिना चढता येत नाही, आणि दोघांच्या हातात तीच पाच रुपयांची पुडी. मी कुणाला काय लिहू? रजिस्टरात पहिल्यासाठी लाल रंग आहे. दुसऱ्यासाठी आता आता कुठे रकाना आलाय.

आणखी एक. मागच्या मंगळवारी मला देवपुरात पाहिलं असं तुला कुणी सांगितलं असेल, तर ती मी नव्हते. मला धुळ्यात काय काम?

अक्का

---

मेहरूण
शुक्रवार, १९ सप्टेंबर २०२५

पुनम,

मीच होते.

अंगणवाडीला रजा टाकली, घरी सांगितलं पाचोऱ्याला पोरीकडे जाते, आणि धुळ्याच्या गाडीत बसले. तुझ्या दारात यायचं ठरवून निघाले होते. स्टँडवर उतरल्यावर पाय वळेनात. मग रिक्षा केली ती भूमिकाच्या शाळेपर्यंत. मधल्या सुट्टीत फाटकाबाहेर उभी राहिले, पदर डोक्यावरून घेऊन, एखादी पोरं पळवणारी असते तशी. शिपाई दोनदा येऊन बघून गेला.

पोरी दोरीवरच्या उड्या मारत होत्या. तुझी पायरीवर बसली होती. शाळेतली खिचडी तिने आधीच खाल्ली होती, रिकामी ताटली शेजारी होती. मग दप्तरातून डबा काढला. तो संपवला. मग दुसरा काढला.

मी हाक मारली. ती आली, धापा टाकत, हसत. फार गोड हसते गं ती. मी विचारलं, दोन डबे कशाला?

म्हणाली, "हाऊ मना डबा. आनि हाऊ दादाना."

मी विचारलं, दादा खातो का?

"त्याले तठे कोनी देत नही ना. मी खाई लिधं की त्याले पोचस. आई सांगस."

आणि मग माझ्याकडे वाकून, कानात सांगावं तसं म्हणाली, "मोठी आई, मन्ह पोट दुखस. पन टाकी दिधं तर दादा रडस."

मी तिच्या हातातला डबा घेतला आणि म्हटलं, आजचा मी खाते, मीसुद्धा त्याची मोठी आई आहे. शिरा होता, तुपात थबथबलेला. फाटकाच्या बाहेर उभी राहून मी तो खाल्ला. ती माझ्या तोंडाकडे एकटक पाहत होती. प्रत्येक घासानंतर तिचे खांदे जरा खाली येत होते. शेवटी तिने विचारलं, पोचलं का? मी हो म्हटलं. घंटा झाली, ती गेली.

तेव्हापासून मला अन्न गोड लागत नाही. मी दुपारी अंगणवाडीत पोरांना वाढते, गोल करून बसवते, आणि दर वेळी एक ताटली जास्तीची काढते. मदतनीस विचारते, बाई, एकवीस कशाला, पोरं वीस आहेत. मी म्हणते, चुकून. महिना झाला, रोज चुकून.

तू तिला हे शिकवलंस याचा मला राग यायला हवा होता. आला नाही. तुला हे कोणी शिकवलं तेच मनात घोळत राहिलं. त्याचं उत्तर याच पत्रात लिहीन म्हणून हे पत्र आठवडाभर बॅगेत घेऊन फिरले, तरी लिहवत नाही. आज नाही.

अक्का

---

मेहरूण
रविवार, १२ ऑक्टोबर २०२५

पुनम,

मंगळवारी भूषणभाऊंचा फोन आला, स्वतःहून. भूमिका शाळेत प्रार्थनेला उभी असताना पडली. डॉक्टरांनी रक्त तपासलं, पोटाचा फोटो काढला. यकृतावर चरबी चढली आहे, साखर काठावर आहे, आत्ताच सांभाळलं नाही तर दोन-तीन वर्षांत मधुमेहाच्या गोळ्या, असं सांगितलं. आठ वर्षांच्या पोरीला. आणि भूषणभाऊ म्हणाले, "पुनमनी तव्हापासून खानं वाढाई दिधं. म्हनस, पोर अशक्त व्हयनी म्हनीसन पडनी."

ते रडत होते. माझ्या लग्नापासून मी त्यांना ओळखते, नाना गेले तेव्हासुद्धा ते असे रडले नव्हते.

मग आता लिहिते. मधे थांबले तर परत सुरू होणार नाही, म्हणून खाडाखोड असेल तर तशीच वाच.

दोन हजार पंधरा साली तुम्ही इथंच होतात, याच घरात, मागच्या खोलीत. हितू अडीच वर्षांचा होता. मी सेविका आणि तो माझ्याच अंगणवाडीतला. दर महिन्याला मी त्याला झोळीत घालून काट्याला लटकवायची. तो काटा अजून अंगणवाडीत खुंटीला आहे. नवा आला तरी जुना निकालात काढायची परवानगी आलेली नाही. पंखा लावला की त्याची झोळी हलते. मी त्याच्याकडे पाठ करून बसते, आज दहा वर्षं.

त्या ऑगस्टमध्ये काट्यावर आठ किलो आठशे आलं. अडीच वर्षांचं पोर नऊ चारशेच्या खाली गेलं की लाल. मी रजिस्टरात नऊ सहाशे लिहिलं. पिवळा. काठावर, पण पिवळा. सप्टेंबरात तसंच. ऑक्टोबरात पुन्हा तसंच.

का लिहिलं? मीटिंगमध्ये मुख्यसेविका लाल पोरांची नावं मोठ्यानं वाचायच्या. सेविकेच्या घरचंच पोर कुपोषित निघालं तर काय तोंड दाखवायचं, असं मला वाटलं. गल्लीभर मी बायांना शिकवत फिरायची, मुलाला काय खाऊ घाला आणि काय नका घालू. आणि माझ्या ओट्यावर माझा पुतण्या काडीसारखा. मी स्वतःला म्हटलं, दोन महिन्यांत भरून काढू, मीच घरी जास्तीचं खाऊ घालीन. घालतही होते. पण असं पोर नुसत्या खाऊ घालण्यानं भरत नाही, त्याला उपचार लागतो. लाल रेघेखाली नाव गेलं असतं तर त्याला सरकारी दवाखान्याच्या पोषण केंद्रात चौदा दिवस ठेवलं असतं. दर दोन तासांनी औषधासारखं मोजून दूध पाजतात तिथं. मी दुसऱ्यांची पोरं तिथं पोचवली होती, रिक्षात मांडीवर घेऊन.

कार्तिकात त्याला जुलाब लागले आणि तीन दिवसांत तो गेला. झगडायला त्याच्या अंगात काही उरलेलं नव्हतं. तू त्याला मांडीवर घेऊन सगळ्यांना एकच सांगत होतीस, "मना पोर भुक्या गया." माझं पोर उपाशी गेलं. मी तुझ्या शेजारी बसले होते. मला खरं माहीत होतं आणि मी तुला पाणी प्यायचा आग्रह करत होते.

तो तुझ्या हातून उपाशी गेला नाही, पुनम. हे तू ऐक. तू त्याला भरवत होतीस, तो खात नव्हता, कारण आजारी पोर खात नाही. तो माझ्या आकड्यानं गेला. तू दहा वर्षं जो घास काढून ठेवतेस, तो ज्या भुकेसाठी काढतेस ती तुझ्यामुळे नव्हती. तेव्हा तो भूमिकाच्या घशात कोंबू नकोस. तिचं पोट दुखतं. ती तुला सांगत नाही, कारण तिला वाटतं दादा रडेल.

सासूबाईंनाही सांगितलं. त्या दोन दिवस माझ्या हातचं जेवल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी स्वतः उठून गॅसपाशी आल्या, पिठलं केलं आणि मला वाढलं. म्हणाल्या, "पुढला सालले मी हितूनी मूठ काढाव नही. मनावर दगड ठेवसू." मग बराच वेळ आत नानांच्या फोटोखाली बसल्या होत्या.

तू मला शिव्या दे. तक्रार कर, मी लिहून देते, नोकरी जायची असेल तर जाईल. जन्मभर माझं तोंड पाहू नकोस. पण पोरीला वाचव. एक गेलं तेव्हा मी गप्प बसले. हे दुसरं जाताना गप्प बसायला मला सांगू नकोस.

दिपमाला

---

धुळे
रविवार, २ नोव्हेंबर २०२५

अक्का,

तुझी चारी पत्रं पोचली. पहिली तीन मी घरी वाचली आणि तांदळाच्या डब्यात खोचली. चौथं कारखान्यात नेलं. तिथं मशीनपाशी कुणाचं रडणं कुणाला ऐकू येत नाही.

मला पत्र लिहायची सवय नाही. भूमीच्या वहीचा कागद फाडला आहे, समजून घे.

अक्का, तू खोटं लिहिलंस. सगळं नाही. पण अर्धं लिहून अर्धं गिळलंस. तुला वाटलं असेल मी विसरले.

ऑगस्टमध्ये तू आठ आठशेच लिहिलं होतंस. मी शेजारी उभी होते, हितूची चड्डी हातात घेऊन. मी वाचलं. तू लाल पेन उचललं आणि म्हणालीस, पुनम, याला उद्याच दवाखान्यात न्यायचं, तयारी कर. आणि मी तुझा हात धरला. "अक्का, लाल मा लिखू नको. तुना पाया पडस." असं मी म्हटलं. सासूबाई तेव्हा रोज म्हणायच्या, याच्या मायच्या अंगावर दूधच नव्हतं, हिच्या माहेरचीच हाडं अशी. लाल नाव वाचलं गेलं की अख्ख्या मेहरूणात तेच होणार होतं. तू नाही म्हणालीस. मी खाली बसून खरंच तुझे पाय धरले. तेव्हा तू खोडलंस. सप्टेंबरातही तू विचारलंस, आता तरी? मी म्हटलं, दिवाळी होऊ दे. ऑक्टोबरात तू विचारलंच नाहीस. तुला माझं उत्तर माहीत झालं होतं.

दिवाळी झाली. मग काय झालं ते तुला माहीत आहे.

मी धुळ्याला आले ती तुझ्यावर रागावून नाही. तू कुणाला काही सांगितलं नाहीस, म्हणून आले. तू एकदा जरी म्हणाली असतीस की पुनम, तूच मला थांबवलंस, तर मी तुझ्याशी भांडले असते आणि मोकळी झाले असते. तू मला पाणी पाजत राहिलीस. तुझ्याकडे पाहिलं की मला माझेच शब्द ऐकू यायचे. म्हणून कानबाईला येते, मूठ निघते, खाली मान घालून जेवते आणि पळते. विसर्जनाच्या सोमवारी तू भूमीला काट्यावर चढवलंस तेव्हा मी तुझ्यावर नाही ओरडले. मला वाटलं, आता ही परत मला विचारेल, लिहू का?

आणि तू या पत्रात सगळं स्वतःच्या अंगावर घेतलंस, म्हणजे मी हलकी व्हावी. अक्का, मला तुझा फार राग आला. आणि मग तुझ्यावर इतका जीव आला की काय करावं कळेना. दहा वर्षांत तुला जवळ घेतलेलं नाही.

भूमीला परवा पुन्हा दवाखान्यात दाखवलं. तिथल्या बाईंनी खायचं सगळं लिहून दिलं. तू लिहिलं होतंस तेच आहे बहुतेक, भाकर, डाळ, भाजी, एक फळ. तुटक्या मालाची पिशवी मी कारखान्यातच ठेवून येते आता. पहिल्या दिवशी भूमी माझ्या रिकाम्या हाताकडे पाहत राहिली. भूषण तिला संध्याकाळी नदीकाठी चालायला नेतात, ती निम्म्या रस्त्यात बसते, ते तिच्याजवळ बसतात, मग दोघं परत येतात. एवढं होतंय. पण वाढताना माझा हात थांबत नाही, अक्का. एक पळी वाढली की दुसरी आपोआप येते. मी हात दुसऱ्या हातानं धरते.

आजचं तुला सांगायचं आहे म्हणून हे पत्र.

आज मला सुट्टी होती. सकाळी तिने दूध आणि केळं घेतलं. अकराला मी रोजच्यासारखी ताट करायला उठले, आणि उठता उठता तिला विचारलं, "भूमी, भूक लागनी का?" विचारून झाल्यावर माझ्या लक्षात आलं की हे मी तिला कधी विचारलेलंच नाही. ती आठ वर्षांची आहे. वेळ झाली की वाढायचं, वाढलं की संपवायचं, एवढंच तिला माहीत.

ती मग म्हणाली, "आई, ते कसं समजस?"

मी म्हटलं, आपण बसू, समजेल.

आम्ही दोघी ओट्यावर बसलो. बारा वाजले. शेजारी फोडणीचा वास आला, मी तिच्याकडे पाहिलं, ती मुंग्या बघत होती. साडेबाराला मी उठले, गॅसपर्यंत गेले, परत आले. हितू डोळ्यांपुढे येत होता, शेवटच्या दिवशीचा. मला वाटत होतं मी दुसरं पोर मारते आहे. घामानं माझा ब्लाउज भिजला. भूषण दारात येऊन उभे राहिले. एक वाजता ती पोरींबरोबर लंगडी खेळायला गेली. तीन उड्या मारून थांबली, दम खाल्ला, परत गेली. मी तिथंच बसून होते.

सव्वादोनला ती आली. पोटावर दोन्ही हात धरले होते, चेहरा उतरला होता, घाबरली होती. म्हणाली, "आई, पोटमा काहीतरी वढाई राह्यनं."

मी तिला मांडीवर घेतलं. ती आता मांडीवर मावत नाही, तरी घेतलं. म्हटलं, घाबरू नको, बेटा, हीच भूक. तिने विचारलं, दादाची का?

मी म्हटलं, नाही. ही तुझी आहे.

मग मी भाकरीचं पीठ मळायला घेतलं.

तुझी,
पुनम